दहा ओळी आणायच्या कुठून?

सहामाहीचे पेपर घरी आले की या सदराकडे येणारी टपाल एकदम एकसुरी होते. एरवी मूल जेवत नाही, मोबाइल सोडत नाही, पाढे विसरतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र सगळ्यांचं दुखणं एकच, निबंध. या वेळी पत्रं इतकी आली आहेत की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवलं, तेही बहुतेक काळ तिसरी-चौथीला. त्यामुळे सांगणार ते तिथल्या अनुभवावरून. शहरातल्या शाळांचं थोडं इकडेतिकडे असेल, ते तुम्ही जुळवून घ्या.

बाई, माझा मुलगा चौथीत आहे. निबंधाच्या पुस्तकातले नेहमी येणारे सगळे निबंध मी त्याच्याकडून पाठ करून घेतले होते. परीक्षेत आलं ‘पावसात झालेली फजिती’. त्याने पाठ असलेला ‘पावसाळा’ जसाच्या तसा उतरवला. अक्षर सुंदर, एकही चूक नाही, तरी पाचपैकी दीड गुण. वर्गशिक्षिका म्हणाल्या, विषय सोडून लिहिलंय. मग पाठ करून घ्यायचंच नाही का?
— एक आई, चिपळूण

ताई, दीड मीही दिला असता, आणि तो अर्धा अक्षरासाठी.

तपासणाऱ्याच्या बाजूने जरा बघा. समोर सगळ्या वर्गाच्या पेपरांचा गठ्ठा. पहिल्या पेपरात सृष्टीने हिरवा शालू नेसलेला असतो, बळीराजा सुखावलेला असतो आणि मोर थुईथुई नाचत असतो. दुसऱ्यात तेच. पाचव्यात शालू ‘शालु’ झालेला असतो, एवढाच काय तो फरक. अशा वेळी एखादा पोरगा लिहितो, ‘माझी छत्री उलटी झाली. तिच्यात पाणी साठलं. मला मजा वाटली म्हणून मी तशीच सरळ केली तर सगळं पाणी डोक्यावर.’ हे आमच्या वर्गातलं खरं लेखन आहे. त्यात ‘छत्री’ चुकली होती, ‘डोक्यावर’ चुकलं होतं, पूर्णविराम तर शोधूनही सापडत नव्हते. तरी त्याला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले, कारण फजिती विचारली होती आणि त्याने फजिती सांगितली.

तुमच्या मुलाला लिहायला येतं. अडचण आहे ती विषय वाचण्याची. ‘पाऊस’ हा शब्द दिसला आणि त्याने पाठ केलेलं पान उघडलं. म्हणून आधी एक सवय लावा. विषय वाचला की तो सांगतोय काय, हे ठरवायचं आणि त्यासाठी आपल्या वाक्यांची क्रियापदं कशी येणार ते तोंडाने म्हणून बघायचं. ‘पावसाळा’ असेल तर येतो, पडतो, दिसतं. म्हणजे नेहमी काय होतं ते. ‘पावसात झालेली फजिती’ असेल तर गेलो, घसरलो, भिजलो. एकदाच घडलेली गोष्ट. ‘पाऊस पडलाच नाही तर...’ असेल तर आटेल, मिळणार नाही, जावं लागेल. आणि ‘मी छत्री बोलतेय’ असेल तर सगळीकडे मी, मला, माझं. वर्णन, प्रसंग, कल्पना, आत्मवृत्त अशी त्यांची नावं पुस्तकात असतात. चौथीच्या मुलाने ती नावं पाठ केली नाहीत तरी चालेल, पण ‘येतो’ लिहायचं की ‘आला’, हे त्याला पहिल्या ओळीआधी कळलं पाहिजे. हा खेळ भाजी निवडतानासुद्धा होतो. तुम्ही विषय सांगायचा, त्याने फक्त तीन क्रियापदं सांगायची. निबंध लिहायचाच नाही.

पाठांतराला माझा विरोध नाही. कविता करू द्या पाठ, म्हणी करू द्या. गोष्ट पुढे नेणारे शब्दही जिभेवर हवेत: तेवढ्यात, इतक्यात, बघतो तर काय, मग, पण, म्हणून, शेवटी. हे कुठल्याही विषयात चालतात. निबंधाचं पुस्तक फेकू नका, पण ते निबंध लिहून झाल्यावर दाखवा, आधी नको. त्याऐवजी वाचायला बालभारतीचं ‘किशोर’ मासिक द्या. १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. त्यात गोष्ट कशी सुरू होते तेवढं जरी त्याने पाहिलं तरी ‘पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे’ या वाक्यातून तो सुटेल.

आणि ताई, तुम्ही चिपळूणच्या. वाशिष्ठीच्या काठी राहणाऱ्या मुलाने पावसाबद्दल पुस्तकातला मोर का आणायचा? २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं, वरच्या मजल्यावर काय काय नेलं, कुणाच्या गच्चीवर किती माणसं होती, हे तुमच्या घरात बोललं गेलं असणारच. त्याला ते आठवत नसेल, तेव्हा तो लहान होता. पण ‘आई सांगते’ असं म्हणून लिहिता येतं. त्याला नको वाटत असेल तर मात्र आग्रह करू नका. दरवर्षी ओलं दप्तर, चिखलातली चप्पल, लाइट गेल्यावरचा अंधार आहेच की.

सप्रेम नमस्कार. माझी नात तिसरीत आहे. तोंडाची टकळी दिवसभर चालू असते. पण वही समोर ठेवली की ‘माझी आई’ या विषयावर ‘माझी आई चांगली आहे. मला आई खूप आवडते.’ एवढं लिहून पेन्सिल चावत बसते. मी सांगत गेलो तर लिहिते, पण मग ते तिचं होत नाही. काय करावे?
— एक आजोबा, लातूर

आजोबा, ‘मग ते तिचं होत नाही’ हे तुम्हाला खटकलं, यातच निम्मं काम झालं.

तिसरीच्या पोरीला अजून अक्षर काढायलाच सगळं लक्ष लागतं. वेलांटी पहिली की दुसरी, ‘ळ’ कसा वळवायचा, रेघ सुटली का, यात मनातलं वाक्य निसटून जातं. मग जे सगळ्यांत लहान वाक्य हाताशी असतं ते ती लिहिते, ‘चांगली आहे’. म्हणून काही दिवस दोन कामं वेगळी करा. बोलायचं काम तिचं, लिहायचं तुमचं. तुम्ही तिचे लेखनिक. अट एकच: ती जे बोलेल तेच, तिच्याच शब्दांत. मध्ये ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘वात्सल्यमूर्ती’ असं काही घुसडायचं नाही.

आता विचारायचं कसं, ते महत्त्वाचं. ‘आई कशी आहे?’ असं विचारलंत की ‘चांगली’ हेच उत्तर येणार. मोठ्या माणसालाही दुसरं सुचत नाही. ‘काय करते’ असं विचारा. साधारण असं होईल:

सकाळी उठल्यावर आई आधी काय करते गं?
नळ आला का बघते.
आणि आला असला तर?
मग सगळं भरते. घागर, बादली, कुकरपण भरते.
कुकर?
हो, एकदा कुकर भरला आणि मग वरण कशात लावायचं म्हणून स्वतःच हसली.
तू काय करतेस तेव्हा?
मला म्हणते, तू तुझी बाटली भर. आणि पाणी सांडलं तर ओरडते. तेवढंच ओरडते, बाकी नाही ओरडत.

झाला की निबंध! ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या आईबद्दल याहून खरं काय लिहिणार? आता हेच तुम्ही मोठ्या अक्षरात एकेका ओळीवर एकेक वाक्य असं लिहा आणि तिला वाचायला द्या. आपण बोललेलं कागदावर आलेलं बघून मुलं हरखतात. मी वर्गात फळ्यावर असं लिहायची तर ज्याचं वाक्य असेल तो मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गातल्या पोरांना ओढून आणायचा, ‘हे मी बोललोय’ म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यातली पहिली चार वाक्यं तुमची राहू द्या, पुढची तिने लिहायची. काही दिवसांनी तुम्ही एकच लिहायचं आणि नंतर फक्त प्रश्न विचारायचे. घाई केलीत तर ती पुन्हा ‘चांगली आहे’वर येईल.

परीक्षेत प्रश्न विचारायला आजोबा नसतात, हे तुमच्या मनात आलंच असेल. म्हणून प्रश्न दरवेळी थोडेफार तेच ठेवा, म्हणजे ते तिचे पाठ होतील. काय करते? कशाने करते? तोंडाने काय म्हणते? एकदा काय झालं? तेव्हा मी काय केलं? आई, शिक्षक, मैत्रीण, पोस्टमन, शेतकरी, कुणीही आलं तरी हे पाच प्रश्न पुरतात. प्राण्यालाही पुरतात, फक्त ‘तोंडाने काय म्हणते’ला भू-भू येतं. प्रत्येकाला दोन वाक्यं धरली तर दहा ओळी कुठून आणायच्या ही चिंताच नको.

एक सांगते. ‘तेवढंच ओरडते, बाकी नाही ओरडत’ हे वाक्य कुणी मोठा माणूस खोडून टाकेल, आईबद्दल असं लिहू नये म्हणून. खोडू देऊ नका.

बाई, मी धुळे जिल्ह्यात दुसरी-तिसरीला शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं घरी अहिराणी बोलतात. लिहिताना ‘घरमा’, ‘वावरमा’, ‘शाया’, ‘डोया’ असं येतं. मी दुरुस्त करते तर मुलं लिहायचीच बंद होतात. दुरुस्त नाही केलं तर पुढच्या वर्गातले शिक्षक मला नावं ठेवतात.
— एक शिक्षिका, धुळे

बाई, नावं ठेवणारे ठेवतातच. केंद्रप्रमुखांनीही ठेवली तर त्यांना वही दाखवा, पण ती कशी ठेवायची ते सांगते.

आधी मुलांच्या चुका नीट मांडून बघा. त्या इकडेतिकडे विखुरलेल्या नाहीत. ‘मनी माय सकाये उठस. मंग ती वावरमा जास.’ या दोन वाक्यांत काय आहे? ‘ळ’च्या जागी ‘य’ आलाय, ‘-त’च्या जागी ‘-मा’ आलाय आणि ‘उठते, जाते’च्या जागी ‘उठस, जास’. वर ‘मनी’चं ‘माझी’ आहे, ते एका दिवसात होतं. म्हणजे पानभर लाल दिसलं तरी शिकवायच्या गोष्टी मोजक्याच. मूल चुकत नाहीये, ते आपल्या घरच्या नियमाने अगदी बरोबर बोलतंय. तुम्हाला फक्त शाळेचा नियम शेजारी ठेवायचा आहे.

भिंतीवर दोन रकाने करा, ‘घरी’ आणि ‘पेपरात’. घरमा – घरात. वावरमा – वावरात. शायामा – शाळेत. डोया – डोळा. उठस – उठते. मुलांनीच भरायचे, रोज एक जोडी. ‘वावर’ला ‘शेत’ करायला लावू नका. वावर हा शब्द अर्ध्या महाराष्ट्रात चालतो आणि तो पेपरात चुकीचा धरायचं काही कारण नाही. पहिला खर्डा मुलांना हवा तसा लिहू द्या. त्यावर पेन लावायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी भिंतीकडे बघून मुलांनी स्वतः फक्त ‘-मा’वाले शब्द बदलायचे, बाकी काही नाही. पुढच्या आठवड्यात ‘ळ’. दोन्ही कागद एकाखाली एक डकवून ठेवा. हीच वही पुढच्या वर्गातल्या शिक्षकांना आणि साहेबांना दाखवायची. पहिल्या महिन्याचा कागद आणि चौथ्या महिन्याचा कागद बघून कुणी बोलत नाही. वर्णनात्मक नोंदी लिहितानाही ही वही तुमच्या कामी येईल. दरवेळी ‘लेखनात प्रगती आहे’ असं लिहून आपणच कंटाळलेले असतो.

एक पळवाट मुलांना जरूर शिकवा. संवाद अवतरणचिन्हात घातला की त्यात बोली चालते. माय हाक मारते, ‘‘पोऱ्या, जेवी ले!’’ हे निबंधात तसंच राहिलं पाहिजे. अवतरणचिन्हं शिकवायला याहून चांगलं निमित्त मला तरी मिळालेलं नाही, कारण मुलांना ती का हवीत ते लगेच पटतं.

मुलगी इंग्रजी माध्यमात पाचवीत आहे. मराठी बोलते बऱ्यापैकी, पण लिहिलं की ‘मी शाळामध्ये गेली’, ‘कुत्राने मला बघितला’, ‘माझ्याकडे एक भाऊ आहे’ असं काहीतरी. शाळेत मराठी सक्तीची आहे. निबंधात शून्याच्या आसपास असते.
— आई-बाबा, ठाणे

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ते चांगलंच झालं. पण घरी मराठी बोलणाऱ्या मुलांनाही ती विषय म्हणून नव्याने भेटतेय हे आपण विसरतो. तुमच्या मुलीच्या तिन्ही वाक्यांचा अर्थ मला कळला. म्हणजे सांगण्यासारखं तिच्याजवळ आहे. अडतंय ते शब्दाला प्रत्यय लागताना शब्द बदलतो तिथे. याला सामान्यरूप म्हणतात, पण तिला ते नाव सांगू नका, पळून जाईल.

स्वयंपाकघरात उभं राहून हे कानाने बसवा. डबा – डब्यात. आंबा – आंब्याला. रस्ता – रस्त्यावर. कुत्रा – कुत्र्याने. ‘तो’ असलेला आणि शेवटी ‘आ’ असलेला शब्द हा असा वळतो. ‘ती’ असेल तर शाळा – शाळेत, भाषा – भाषेत. मग ती विचारेल, काकाचं ‘काक्याला’ का नाही? राजाचं ‘राज्याला’ का नाही? विचारलंच तर शाबासकी द्या आणि सांगा, काका आणि राजा कुणाचं ऐकत नाहीत.

‘माझ्याकडे एक भाऊ आहे’ हे व्याकरणाने सुटणार नाही. तिथे फक्त ‘मला एक भाऊ आहे’ असं तुम्ही तिच्यासमोर पुन्हा पुन्हा बोलायचं. तुम्ही दोघं घरात ‘बेटा, ब्रेकफास्ट फिनिश कर’ असं बोलत असाल (ठाण्याची पत्रं वाचून मला आता अंदाज येतो) तर आधी ते आवरा. नाश्ता संपव म्हणा. निबंधात तिने ‘बर्थडे’ लिहिलं तर मात्र लगेच वाढदिवस करायला धावू नका. आधी वाक्य पूर्ण होऊ दे.

मुलगी चौथीत. तिच्याकडून रोज एक निबंध लिहून घेतो आणि लाल पेनने सगळ्या चुका काढून देतो. शुद्धलेखनाच्या चुका कमी होत नाहीतच, उलट आता निबंध म्हटलं की रडते.
— एक वडील, सांगली

रोज? दादा, या सदरात लिहायला मलाही महिना लागतो.

आठवड्याला एक निबंध पुरे, तोही दोन बैठकांत. एका दिवशी लिहायचा, दोन दिवसांनी सुधारायचा. लाल पेन कपाटात ठेवा. तिने लिहिलेलं पहिल्यांदा वाचाल तेव्हा चुकीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. वाचून झाल्यावर तिला मजकुराबद्दल एक प्रश्न विचारा, खरोखर पडलेला. ‘मग त्या मांजरीच्या पिल्लाचं काय झालं?’ असा. त्याचं उत्तर ती तोंडाने देईल, मग म्हणा, हे पण लिही ना. निबंध वाढतो तो असा. लाल खुणांनी तो वाढत नाही, लहान होतो. पोरं हुशार असतात: जितके शब्द कमी तितक्या चुका कमी, हे गणित त्यांना फार लवकर कळतं.

आता शुद्धलेखन. आपले लेखनाचे नियम १९६२ साली ठरले तेव्हा १४ होते, १९७२ मध्ये आणखी ४ आले. अठराच्या अठरा नियम मोठ्यांनाही येत नाहीत, वर्तमानपत्रं बघा. चौथीला दोन नियम पक्के झाले तरी वहीचं रूप बदलतं.

पहिला: शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला तर तो दीर्घ. नदी, पाटी, मी, तू, वस्तू, गुरू, कवी. न ऐकणारे थोडे आहेत, त्यातले ‘आणि’ व ‘परंतु’ निबंधात सारखे लागतात, ते पाठ करून टाकायचे.

दुसरा जरा गमतीचा आहे. फूल, दूध, वीज, तीळ, गूळ, जमीन यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ आहे. पण पुढे काही जोडलं की ते ऱ्हस्व होतं: फुलाला, दुधात, विजेचा, तिळाचा, गुळाची, जमिनीवर. मोठ्याने म्हणा, कानाला कळतं. ‘दूऊध’ म्हणताना आवाज लांबतो, ‘दुधात’ म्हणताना तो पुढे पळतो. गुण, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यात बसत नाहीत, पण चौथीला ते आत्ताच सांगायला जाऊ नका. विचारलं तर सांगा.

महिनाभर एकच नियम. त्या महिन्यात बाकीच्या सगळ्या चुकांकडे काणाडोळा. हे वडिलांना फार जड जातं, आईला त्याहून जड जातं, पण करा. चुकीवर गोल करू नका. ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीच्या समासात पेन्सिलीने नुसता ठिपका द्या आणि शोधू दे तिला. पूर्णविरामासाठी तर तुमची गरजच नाही. तिला मोठ्याने वाचायला लावा. आवाज जिथे थांबेल तिथे पूर्णविराम.

शिष्यवृत्तीचे क्लास चालू आहेत, निबंधाला वेळच मिळत नाही. दोन्ही कसं सांभाळायचं?
— एक आई, नाशिक

शिष्यवृत्तीच्या दोन पेपरांत मिळून १५० प्रश्न, सगळे पर्यायांचे. गोल रंगवायचे. तिथे मुलाला स्वतःचं एक वाक्यही लिहावं लागत नाही, त्यामुळे शिष्यवृत्तीत चमकलेलं मूल निबंधात अडखळलं तर चकित होऊ नका. पण प्रथम भाषेच्या भागात उतारे येतात ना? उतारा सोडवून झाला की तिथेच थांबवा आणि म्हणा, आता या उताऱ्यात पुढे काय झालं ते तीन वाक्यांत लिही. कधी उताऱ्यावर त्यालाच एक प्रश्न तयार करू दे, चार पर्यायांसकट. तीन चुकीचे पण खरे वाटणारे पर्याय बनवताना मूल किती बारकाईने वाचतं ते बघाच. वेगळा वेळ काढायला नको.

मुलगा पाचवीत, आता वार्षिक परीक्षा आहे. सराव पेपरात निबंध शेवटी राहतो आणि अर्धा होतो. सुरुवात छान करतो, पण तिथेच वेळ जातो.
— एक वडील, अमरावती

२०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आल्यामुळे घराघरांत जरा धास्ती आहे, ती मुलाच्या अंगावर टाकू नका. वेळेचं सांगते.

पेपर हातात आला की सगळ्यांत आधी निबंधाचे विषय वाचायचे, त्यातला एक पक्का करायचा आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने चारच गोष्टी टिपायच्या: कोण, कुठे, काय झालं, शेवटी काय. प्रत्येकी दोन-तीन शब्द, वाक्य नाही. मग बाकीचा पेपर. तो लिहिताना डोक्यात निबंध आपोआप शिजत राहतो आणि परत आल्यावर कोऱ्या पानाकडे बघत बसावं लागत नाही. टिपण नंतर आडव्या रेघेने खोडायचं.

सुरुवात छान करतो म्हणता, ती पहिल्या दोन ओळी काढून बघा. बहुतेक वेळा निबंध तिसऱ्या ओळीला सुरू झालेला असतो. ‘सहल म्हटली की सर्वांनाच आनंद होतो. सहलीमुळे ज्ञानात भर पडते.’ हे नसलं तरी काही बिघडत नाही. ‘बस सुटायच्या आधीच माझा डबा सांडला’ इथून सुरू करायचं. शेवटीही ‘हा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही’ नको. अकरा वर्षांच्या मुलाचं आयुष्यभर कुणाला पटणार? घरी पोचल्यावर आई काय म्हणाली, ते लिहून थांबला तरी पुरतं. पेपरात ‘आठ ते दहा ओळी’ म्हटलं असेल तर आठ ते दहाच. पुरवणी घेऊन कुणाचे गुण वाढलेले मी पाहिले नाहीत, तपासणाऱ्याचा चष्मा मात्र खाली येतो.

पुढच्या अंकात पत्रलेखन आणि मुद्द्यांवरून गोष्ट. प्रश्न पाठवताना मुलाची इयत्ता लिहा आणि त्याने लिहिलेला कागद सोबत जोडा. तुम्ही सुधारून पुन्हा नीट अक्षरात काढून घेतलेला नको, मूळचा खाडाखोडीचा पाठवा.